पेपरातलं शब्दकोडं: शेवटचा कोपरा का अडतो आणि उत्तरावर बोलायचं काय

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं अर्ध्याच्या वर सुटतं पण एक कोपरा राहतोच. आता उदाहरण म्हणून दिलंय की ‘पाणी’ असा दोन अक्षरी आडवा शब्द होता, त्याच घरातून खाली ‘ढग’ असा तीन अक्षरी उभा शब्द सुरू होत होता, तुम्ही जल आणि जलद लिहिलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नीर आणि नीरद. मग जल चूक कसं? आणि दुसरं असं विचारलंय की मैत्रिणी एकमेकींना उत्तरं कळवतात तेव्हा ‘सोपं होतं’ नाहीतर ‘फार अवघड होतं बाई’ याच्यापुढे बोलणं जात नाही, तर कोड्याबद्दल नेमकं बोलायचं काय.

मी बरीच वर्षं रोज सोडवतो आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने दोन-चार ओळी खरडायची सवय आहे, त्या अनुभवावरून सांगतो. आधी तो कोपराच घेऊ, कारण माझं सगळं म्हणणं त्या कोपऱ्यात आहे.

‘पाणी’ हा क्लू आला की दोन अक्षरी शब्द किती सुचतात बघा, जल, नीर, तोय, पय, वारी, अंबू. आणि मजा अशी की यातल्या प्रत्येकाला पुढे ‘द’ लावला (देणारा या अर्थी) की ढग तयार होतो, जलद, नीरद, तोयद, पयोद, वारिद, अंबुद. ‘ज’ लावला की कमळ, जलज, नीरज, अंबुज. ‘धी’ लावला की समुद्र, जलधी, अंबुधी. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी संस्कृत नावं आपोआप तयार होतात, पाठ करायची गरजच नाही. पण तुमच्या कोपऱ्यात ह्याच सोयीचा घोटाळा झाला. पाणी आणि ढग हे दोन्ही एकाच पहिल्या घरातून निघतात, त्यामुळे तुम्ही कुठलीही जोडी घेतली तरी ती आपापसात जुळणारच, जल-जलद पण जुळतं, नीर-नीरद पण जुळतं. म्हणजे ते पहिलं घर दिसायला क्रॉसिंगचं (आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात ते) आहे पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य, दोन्ही शब्द एकाच घरातले साक्षीदार असल्यासारखं आहे, एक जे बोलणार तेच दुसरा बोलणार.

मग काय करायचं? तर सहाही ढगांमध्ये शेवटचं अक्षर ‘द’ आहे, तेवढं ठाम लिहून टाकायचं, वरची दोन घरं रिकामी ठेवायची. आता ढगाच्या मधल्या घरात कोण येऊन मिळतंय ते बघायचं. तुम्ही लिहिलंय की तिथे ‘हात’ असा दोन अक्षरी आडवा शब्द संपत होता आणि तो तुम्ही सोडवलाच नव्हता. हात म्हणजे कर, हस्त, भुज, पाणी (हो, पाणी, चक्रपाणीतला). ढगाच्या मधल्या घरात येऊ शकणारी अक्षरं कुठली? ल, र, य, यो, रि, बु. हाताच्या शब्दांची शेवटची अक्षरं र, स्त, ज, णी. दोन्हीकडे असलेलं एकच, ‘र’. म्हणून कर, म्हणून नीरद, म्हणून नीर. संपलं. जल चूक होतं कारण ‘हात’ त्याला जागा देत नव्हता.

तर पहिली सवय ही लावून घ्या की समानार्थी शब्दाचा क्लू आला की पहिला सुचलेला शब्द लिहायचा नाही. सुचतील तेवढे मनात मांडायचे, सगळ्यांत कॉमन असलेलं अक्षर तेवढं लिहायचं आणि निकाल दुसऱ्या शब्दावर सोडायचा. बहुतेक लोक अडतात ते शब्द येत नाही म्हणून नाही अडत, लवकर लिहिलेला एक शब्द शेजारच्या तिघांना अडवून बसतो म्हणून अडतात. पेन्सिल वापरा हे सगळेच सांगतात पण पेन्सिलीने लिहिलेलं सुद्धा माणूस खोडत नाही हो, एकदा लिहिलं की ते खरं वाटायला लागतं.

मराठी कोड्यात क्रॉसिंगला इतका भाव का आहे ते पण सांगतो. इंग्रजीत एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. पुस्तक तीन घरांत, महाराष्ट्र चार घरांत, स्वातंत्र्य तीनच घरांत, लक्ष्मी दोन. त्यामुळे एका घरात शेकडो शक्यता असतात आणि एक जरी क्रॉसिंग पक्कं कळलं तरी शब्द जवळजवळ हातात येतो. ‘ष्ट्र’ किंवा ‘त्र्य’ सापडलं की विषयच संपला. पण कोडेकाराला मात्र याचा त्रास, लांब शब्द एकमेकांत बसवणं फार अवघड, म्हणून आपल्या ग्रिडमध्ये (घरांच्या चौकटीत) काळी घरं जास्त आणि दोन-तीन अक्षरी शब्दांचा भरणा. आणि म्हणूनच तेच तेच शब्द परत परत येतात, कर, नग, रव, वर, शर, खग, नभ, गज, अज, तम, बक. ज्यांना मात्रा नाहीत अशी घरं जुळवायला सोपी म्हणून. नवीन माणसाला वाटतं हे काय अगम्य संस्कृत, पण महिनाभर रोज सोडवलं की हे सगळे ओळखीचे होतात. नग म्हणजे डोंगर, दागिना पण नग, आणि दुकानात मोजायचे तेही नग, असा बहुगुणी शब्द कोडेकार सोडतोय होय!

क्रमाने एकपासून वाचत जाऊ नका. आधी गाळलेल्या जागा. ‘नाचता येईना ___ वाकडे’ यात दुसरं काही बसतच नाही, अंगण लिहा, पेनने लिहा हवं तर. मग पक्की नावं. अर्जुनाचं धनुष्य गांडीव, शंकराचं पिनाक, कृष्णाचा शंख पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त. नद्या, नक्षत्रं, जुनी मापं (वीस मणांची खंडी, चाळीस शेरांचा मण). शेतीची अवजारं पण येतात, पाभर, कुळव, वखर, शहरात वाढलेल्या मुलांचं तिथे अडतं, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, त्यांनाही बरं वाटतं. पक्क्या नावांत सुद्धा सापळे असतात बरं का. ‘कर्णाची आई’ दोन अक्षरी, तुम्ही डोळे झाकून कुंती लिहाल, पण राधा पण आईच आणि तीही दोन अक्षरी, राधेय म्हणतातच की कर्णाला. ‘कवीचं टोपणनाव’ पाच अक्षरी आणि शेवटची दोन घरं ‘ग्र’ ‘ज’ भरलेली, वाटतं झालं काम, पण कुसुमाग्रज की गोविंदाग्रज हे अजून ठरलेलं नाही, त्यासाठी पहिल्या तीनपैकी एखादं घर लागेल. म्हणजे क्रॉसिंग किती मिळालीत यापेक्षा ती कुठली मिळालीत याला महत्त्व.

आता एक व्याकरणाची गोष्ट, कंटाळवाणी वाटेल पण सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो. क्लूचं रूप आणि उत्तराचं रूप एकच असतं. ‘रुसून बसणे’ असा क्लू असेल तर उत्तर ‘णे’ वर संपणार, शेवटच्या घरात बारीक णे लिहून ठेवा. ‘पळाला’ असेल तर ‘ला’ची शक्यता मोठी. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी. आणि ऱ्हस्व-दीर्घ. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम आले त्यातले दोन-तीन कोड्यासाठी रामबाण आहेत. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ, म्हणून रवि नाही रवी, गिरि नाही गिरी (आणि, नि, परंतु असे थोडे अपवाद आहेत ते सोडा). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ, गरीब, वकील, सून, तूप. शेवटचं दीर्घ असेल तर आधीचं ऱ्हस्व, गरिबी, वकिली, विळी, पिसू. तत्सम शब्दांना हे मागचे दोन लागू नाहीत, म्हणून गुण, विष, रसिक, आणि दुसरीकडे पूजा. वर बघा, एकटं असताना अंबू आणि ढग झाला की अंबुद, ते याच्यामुळेच. उपयोग असा की क्रॉसिंगवरून मधल्या घरात ‘रि’ आलाय की ‘री’ यावरून पुढच्या घरात काय येईल याचा अंदाज बांधता येतो. काही कोडेकार मात्र सरळ ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करतात, उभ्याला ‘ति’ हवा आणि आडव्याला ‘ती’ तरी चालवून घेतात. तुमच्या पेपरचा कोडेकार कसा आहे ते चार-पाच दिवसांत कळतं, एकदा कळलं की त्याच्या हिशोबाने खेळा. हे चालवून घेणं मला व्यक्तिशः आवडत नाही पण त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

थोडं गमतीच्या क्लूंबद्दल. इंग्रजी पेपरात क्रिप्टिक म्हणतात तसले. मराठीत रोजच्या कोड्यात ते कमी असतात पण अधूनमधून येतात आणि आपल्या लिपीत ते फार सुंदर होतात असं माझं मत आहे. ‘सकाळी उगवणारा दोस्त (२)’, उत्तर मित्र, कारण मित्र म्हणजे सूर्य पण. ‘नवऱ्याची देणगी, शाप नव्हे (४)’, वर अधिक दान, वरदान. ‘नदी आहे, सकाळी लवकर प्या (२)’, नीरा. उलटापालटी पण अक्षराअक्षराने करायची, नदी उलटली की दीन, सदा उलटला की दास, आणि राम उलटला की मरा, वाल्या कोळ्याच्या गोष्टीत नेमकं हेच होतं की. ‘रामाला भाला मारा’ लहानपणी सगळ्यांनीच उलटं वाचून बघितलंय, तोच खेळ हा. तीन अक्षरी उलटसुलट सारखे शब्द पण कोडेकारांचे लाडके, कनक, नयन, नवीन, समास, मध्यम, आणि चक्क कणीक. एक घर भरलं की समोरचं फुकट.

यातलाच एक प्रकार शब्दाच्या पोटात शब्द लपवायचा. ‘करवीरच्या पोटात सूर्य (२)’, क-रवी-र, रवी. हा क्लू चोख आहे. पण समजा कोडेकाराने लिहिलं ‘कोल्हापूरच्या पोटात सूर्य’. आता तुम्ही आधी कोल्हापूरचं करवीर करायचं आणि मग त्याच्या पोटात शिरायचं. काही लोकांना हे भारी वाटतं, मला नाही वाटत, कारण जे फोडायचं ते कागदावर दिसलं पाहिजे, दोनदा अंधारात उडी मारायला लावू नये. कोल्हापूरकर माफ करतील, त्यांना तो लगेच सुटेल.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, बोलायचं काय. माझ्या मते एकच विचारायचं, हे उत्तर माणसाला कागदावरून ठरवता येत होतं का, की नशिबावर होतं. बाकी सोपं-अवघड हे ज्याच्या त्याच्या वाचनावर आहे, मला नक्षत्रं येतात म्हणून मला मघा सोपं, तुम्हाला क्रिकेट येतं म्हणून तुम्हाला गुगली सोपा, त्यात चर्चा ती काय करणार.

आणि हा नशिबाचा मुद्दा हलका नाही, आपल्याकडे हा सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय! स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांची शब्दकोडी फार जोरात होती, प्रवेश फी भरायची, बक्षिसं मोठमोठी, आणि क्लू असे की दोन-दोन शब्द सारखेच बसायचे, ‘बरोबर’ उत्तर कुठलं तर जे संपादकाकडच्या बंद पाकिटात असेल ते. आर. एम. डी. चमारबागवाला यांची अशी स्पर्धा बेंगळुरूहून चालायची आणि मुंबई राज्यात तिचे भाग घेणारे खूप होते. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याखाली त्यावर कर लावायला घेतला, मग १९५५ साली केंद्राचा कायदा आला, त्यात शब्दकोड्याचा नाव घेऊन उल्लेख आहे, महिन्याला एक हजार रुपयांच्या वर बक्षीस बंद आणि त्याच्या आतलं असेल तर लायसन्स आणि प्रवेशिका जास्तीत जास्त दोन हजार. हे प्रकरण गेलं सुप्रीम कोर्टात आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, सार असं की जिथे जिंकणं बऱ्याच अंशी कौशल्यावर आहे ती स्पर्धा वेगळी आणि जिथे ते नशिबावर आहे तो जुगार, कायदा लागू जुगाराला. ऑनलाइन गेमच्या खटल्यांत वकील अजून हाच निकाल काढून दाखवतात. म्हणजे जल की नीर हा प्रश्न घटनापीठापर्यंत गेला होता असं म्हणायला हरकत नाही (अगदी ते शब्द नव्हते, पण मुद्दा तोच).

तर तुमचा कोपरा या कसोटीवर लावून बघा. ‘हात’ होता म्हणून नीर ठरवता आलं, म्हणजे कोपरा सुटण्यासारखा होता. समजा ‘हात’च्या जागी काळं घर असतं, तर सहा जोड्यांपैकी कुठलीही घ्या, तुम्ही बरोबर आणि कोडेकारही बरोबर, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातलं उत्तर म्हणजे नुसतं बंद पाकीट. अशा वेळी आपलं चुकलं असं अजिबात समजू नये. इंग्रजीत १९१३ च्या २१ डिसेंबरला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आर्थर विनने पहिलं कोडं छापलं त्यानंतर तिथल्या लोकांनी ग्रिडचे नियम हळूहळू कडक करत नेले, अमेरिकन कोड्यात तर प्रत्येक घर आडव्यातही असतं आणि उभ्यातही. ब्रिटिश ग्रिडमध्ये साधारण एक सोडून एक. आपल्याकडे असा लिखित नियम कोणी पाळताना दिसत नाही, दोन अक्षरी शब्दाचं एक घर मोकळं सोडलेलं सर्रास दिसतं, आणि तिथे जर ‘सूर्य (२)’ असा क्लू असेल आणि पहिलं घर कुठल्याही क्रॉसिंगशिवाय लटकत असेल तर ती कोडेकाराची ढिलाई, सरळ तसं लिहावं.

मी जे खरडतो त्याचा नमुना देतो. तुमच्या कोड्यावर मी असं लिहिलं असतं: “पाणी-ढग एकाच घरातून, सहा जोड्या शक्य, हात = कर मुळे नीरद पक्का. सुटतो, पण नीरमधूनच नीरद काढणं आळशीपणा, एकाच ग्रिडमध्ये एकाच शब्दाची दोन भावंडं नकोत. सगळ्यात छान क्लू अमुक.” एवढंच. कुठलं घर निर्णायक ठरलं ते नाव घेऊन सांगायचं, कारण ज्या मैत्रिणीचा तो कोपरा अडला तिला नुसत्या उत्तराचा काही उपयोग नाही, तिला ‘हात बघ’ एवढं सांगितलंत तर ती स्वतः सोडवेल आणि तुम्हाला दुवा देईल. उत्तर लगेच फोडू नका, निदान दुपारपर्यंत. आधी कुठला शब्द आधी सोडव ते सांगा, तरी नाही जमलं तर कुठलं अक्षर ते सांगा, पूर्ण शब्द सगळ्यात शेवटी.

कौतुक पण करावं. टीका सगळे करतात, पण एखादा ‘सकाळी उगवणारा दोस्त’ आला तर त्याला दाद द्यायला कोणी बसत नाही, आणि कोडेकाराचं नाव बऱ्याचदा छापलेलं पण नसतं, बिचाऱ्याला कोणी ओळखत नाही.

शेवटचं, कोश. सोडवताना कोश बघणं म्हणजे चीटिंग का असं पण कोणीतरी विचारतंच. माझा हिशोब असा की सोडवताना नाही बघायचा, पण टीप लिहायच्या आधी जरूर बघायचा, कारण ‘असा शब्दच नाही’ असं ठोकून देण्याआधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वेंचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश बघितलेला बरा, दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. जुन्या वळणाचे कोडेकार अमरकोशावर (संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश) वाढलेले असतात, त्यांचा तोयद तुम्हाला विचित्र वाटेल पण तो असतोच. आणि कोशात बघूनही सापडला नाही, क्रॉसिंगही पुरेशी नाहीत, तर मग पेपरला खुशाल पत्र लिहा, फक्त कुठल्या तारखेचा अंक आणि आडवा की उभा कितवा शब्द ते नीट लिहा, नाहीतर तिकडे कोण शोधत बसणार.